वैऱ्याघरचं बी

त्या दिवशी सकाळी मी राख चाळत होतो आणि ती माझ्या चाळण्याला नावं ठेवत होती.

वैशाख होता. वांग्याचं बी धुऊन, सावलीत वाळवून तयार होतं. आता ते मडक्यात भरायचं होतं. एक थर राखेचा, एक थर बियाचा, तोंडावर फडकं, फडक्यावर शेणाचा लेप. एवढंच काम. पण आमच्या घरात 'एवढंच काम' असं कोणतंच काम नव्हतं.

"अवो, राख चाळून राह्यले का उधळून राह्यले? सगळी माह्या नाकात चालली."

"मंग नाक तिकडं कर."

"नाक तिकडं केलं त इकडं तुमी काय करता ते कोन पाहीन?"

दोन मडकी भरली. एक चुलीजवळच्या कोपऱ्यात ठेवलं, एक मी गोठ्यात नेऊन ठेवलं. ती मागून आलीच, मी बरोबर ठेवलं की नाही ते पाहायला.

"चूल पेटली त गोठा हाये," ती म्हणाली. "गोठा पेटला त चूल हाये."

"अन् दोन्ही पेटलं त?"

"मंग कवसी हाये."

"कवसीचं नाव कायले काढतं सकायी सकायी? दिवस खराब जाते."

ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, म्हणाली, "मले जरा पडू द्या," आणि घरात जाऊन पडली. दुपारी भाकर वाढ म्हणून मी हाक मारली. मग जोरात मारली. मग जवळ गेलो.

लोक विचारतात, शेवटी काय बोलली? बायाबापड्यांना वाटतं, देवाचं नाव घेतलं असेल, नवऱ्याला दोन शब्द सांगितले असतील. आमच्या घरी तसं काही झालं नाही. कवसीचं नाव घेऊन गेली. शेजारच्या मळ्यातली कवसाबाई, जिच्याशी पंधरा-वीस वर्षं पाटाच्या पाण्यावरून झिंज्या उपटायची वेळ आली, तिचं. माझं नाही.

तिचं नाव द्रुपदा. ती होती तोवर मी ते कधी तोंडातून काढलं नाही, आमच्यात काढत नाहीत. 'अवं' म्हटलं की येत होती. आता 'अवं' म्हणून कोणी येत नाही, म्हणून नाव लिहितो. मी चौथी शिकलो. लिहिण्यात चूक असेल तर वाचणाऱ्यानं सुधरून घ्यावं, पण द्रुपदाबद्दल सांगितलेल्यात सुधरायला जाऊ नये. ते मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आमचा मळा वाशीमच्या वेशीपासून जवळ. जिल्हा अकोला. भाजीपाला काढायचा आणि डोक्यावर नेऊन बाजारात विकायचा, हा बापजाद्यापासूनचा धंदा. पण आमच्या मळ्याला नाव मिळालं ते द्रुपदाच्या वांग्यानं. तिचं माहेर अनसिंगकडचं. ते वांगं तिच्या माहेरचं. देठाला असे काटे की घेणारी बाई पहिल्यांदा बोट चोखत जायची आणि दुसऱ्या दिवशी परत यायची. बुडाशी पांढरं, वर जांभळं, भाजलं की शेजारच्या घरात भूक लागायची. ते बी दुकानात भेटत नव्हतं. आमच्या घरी आहे तोवर आहे. बुडालं म्हणजे बुडालं, मग अनसिंगला जाऊन रडलं तरी उपयोग नव्हता, कारण तिच्या माहेरी विहीर आटली आणि त्यांनी मळा मोडून ज्वारी धरली.

लग्न होऊन आली तेव्हा बियाची एक गाठ तिच्या पदराला होती आणि दुसरी तिच्या भावाच्या पागोट्यात. माझ्या मायनं विचारलं, "दोन गाठी काहून वं?"

नवी नवरी, मान खाली, पण उत्तर तयार. "गाडीतून मी पडली असती त?"

माय हसली. आयुष्यभर हसली. सून बैलगाडीतून पडायची तयारी करून आली म्हणून गावभर सांगायची.

द्रुपदाचं एक म्हणणं होतं. "एकटं असते त्याले भूत भेटते." माणसाचं असो, वस्तूचं असो. घरात काडीपेटी दोन. एक चुलीच्या कोनाड्यात, एक छपराच्या वाशात खोचलेली. मीठ दोन जागी. सुई दोन जागी. कुलपाला किल्ल्या दोन, आणि दुसरी किल्ली कुठं ठेवली ते ती इतक्या बायांना सांगून ठेवायची की आमच्या घराची किल्ली कुठं आहे हे गावात फक्त चोराला माहीत नव्हतं. त्यालाही तिनं सांगितलं असतं, पण तो विचारायला आला नाही.

बोलायचीही दोनदा. "अनसिंगची गाडी उद्या उशिरा जाणार," हे सकाळी सांगितलं की संध्याकाळी परत.

"सांगतलं तू हे."

"तुमी इसरले असान त?"

"इसरलो नाई."

"मंग दुसऱ्यांदा आयकाले काय बिघडते? दुसऱ्यांदा पैसे लागते काय?"

आमची पोरगी सुबी लहान असताना तापानं फणफणली. द्रुपदानं मारोतीला नवस बोलला. घरी येता येता रस्त्यातल्या पिराला पण तोच नवस बोलून आली. पोरगी बरी झाली. दोघांकडेही नारळ नेले. मी म्हटलं, आता यातल्या कोणी बरं केलं ते कसं समजायचं? ती म्हणाली, "ते त्यायचं ते पाहून घेतीन. आपल्याले पोरगी पायजे होती." मारोतीला पिराचं आणि पिराला मारोतीचं तिनं सांगितलं नाही, एवढा शहाणपणा मात्र होता. या एका बाबतीत ती दोघांना सांगत नसे.

एकदा माझा मोठा भाऊ, त्याला आम्ही दादा म्हणतो, तिला चिडवायला म्हणाला, "सगळं दोन-दोन ठेवतं, मंग नवरा काहून एकच ठेवला?"

"हरवला त शोधाले कोन बसते!" ती म्हणाली. दादाची बायको पदर तोंडात घालून मागच्या दारानं पळाली.

दादाचं तत्त्व नेमकं उलटं होतं. एक जागा, एक कुलूप, एक माणूस. त्यानं कारंज्याच्या बाजारातून पत्र्याची ट्रंक आणली. तिच्यावर कमळं काढलेली, कडी मजबूत. त्या ट्रंकेत दादाचं सगळं असायचं. जमिनीचे कागद, बायकोची वाकी, बी-बियाणं, आणि सुनेला दिसू नये म्हणून गुळाची भेली. किल्ली करदोड्याला. आंघोळीलाही किल्ली सोबतच. ओसरीत ट्रंकेवर बसून तो आम्हाला शिकवायचा.

"वस्तू दहा जागी ठेवली की दहा जागी चोरी होते. एका जागी ठेव अन् तिच्यावर बसून राय."

मला दादाचंच पटायचं. गड्यामाणसाला कुलूप दिसलं की बरं वाटतं. मी घरी येऊन म्हटलं, "आपलं बी दादाच्या ट्रंकीत ठेवू."

"ठेवा ना," ती म्हणाली. मी खूश. पण तिचं म्हणणं अर्धंच झालं होतं. "ठेवा. एक वाटा तथी ठेवा. बाकीचं मी पाहतो काय करायचं ते."

बाकीचं म्हणजे काय, ते मला हळूहळू समजलं. एक मडकं घरी. एक पुडी सुबीच्या सासरी अनसिंगला, कारण पोरीचं घर म्हणजे आपलंच घर. आणि एक पुडी साहेबाकडे.

साहेब म्हणजे शेतीखात्याचा. जीपमधून यायचा. माणूस चांगला होता, चपला काढून ओट्यावर बसायचा, चहाला नाही म्हणायचा नाही. त्याचं सांगणं असं की घरी बी ठेवायच्या भानगडीत पडूच नका. दरवर्षी ऑफिसातून नवं सुधारलेलं बी घ्या, निर्धास्त राहा.

द्रुपदानं विचारलं, "तुमच्याजोळचं सरलं त?"

"बाई, सरकारचं बी सरत नसतं."

"मंग हेबी ठेवा तुमच्यात," म्हणून तिनं पुडी पुढं केली. साहेब गोंधळला. मग त्यानं खिशातलं पेन काढलं, पुडीवर काहीतरी लिहिलं, म्हणाला, ऑफिसातल्या लोखंडी कपाटात ठेवतो, तुमच्या नावानं. द्रुपदा त्या दिवशी खूप खूश होती. लोखंडी कपाट! ट्रंकीपेक्षा मोठं! दादा दोन दिवस आमच्याशी बोलला नाही.

आता कवसाबाई. तिचा मळा आमच्या मळ्याला लागून, मध्ये फक्त पाट. विहीर सामाईक. पाणी पाळीनं घ्यायचं, सकाळी त्यांनी, दुपारून आम्ही, असं मोठ्या माणसांनी ठरवून दिलेलं. मोठी माणसं मरून गेली, पाळी राहिली. द्रुपदा म्हणायची कवसी पाट उशिरा तोडते, कवसी म्हणायची द्रुपदी लवकर तोडते. खरं काय ते पाण्याला माहीत. दोघी पाटाच्या दोन कडांना उभ्या राहिल्या की आवाज वेशीपर्यंत जायचा. कवसाबाईचा नवरा गरीब. भांडण सुरू झालं की तो पाणी प्यायला जायचा आणि भांडण संपलं की तहान भागून यायचा. मी पण थोडाफार तसाच.

एका भांडणात प्रकरण वांग्यावर गेलं. कवसाबाई म्हणाली, "एवढा गर्व कायचा वं तुले? वांगंच त हाये. सोनं लागलं काय त्याले?"

द्रुपदाच्या ओच्यात बी होतं. ती रोपाचा वाफा करायला निघाली होती. तिनं मूठ भरली आणि पाटावरून सरळ कवसाबाईच्या अंगावर फेकली.

"घे! पेर! तुह्या वावरात माह्यासारखं वांगं काढून दाखव, मंग तोंड उघडजो! तुह्या बापजल्मी नाई व्हनार!"

मी धावलो. भांडण सोडवायला नाही, बी वेचायला. एवढं जपलेलं बी असं मातीत! पण कवसाबाई माझ्या आधी खाली बसली होती. लुगड्यावरून, मातीतून एक एक दाणा वेचत होती आणि वेचता वेचता शिव्या देत होती. "दाखवतोच तुले! तुह्यापेक्षा मोठं नाई काढलं त नावाची कवसी नाई!"

मी घरी येऊन बोललो. जे बोलायचं ते सगळं बोललो. द्रुपदा भाकरी थापत राहिली.

आणि कवसाबाईनं काढलं. पुढच्या हिवाळ्यात वाशीमच्या बाजारात आमच्या समोर टोपली घेऊन बसली. तेच काटे, तेच बूड, रंग आमच्यापेक्षा गडद. आमची नेहमीची गिऱ्हाइकं एकदा इकडं पाहायची, एकदा तिकडं. भाव पडला. दादा बाजारातून जाताना थांबला, दोन्ही टोपल्या पाहिल्या आणि मला म्हणाला, "तुही बायको म्हनजे धर्मशाळा हाये. सगळ्यायले वाटून टाकते." समोरून कवसाबाई मुद्दाम ओरडायची, "घ्या, खऱ्या काट्याचे वांगे! बाकीचे डुप्लिकेट!" आपलंच वांगं आपल्याला डुप्लिकेट म्हणून ऐकायची पाळी आली. मी टोपली उचलून घरी आलो. द्रुपदा बसून राहिली, विकून आली, आणि कवसाबाईची वांगी कशी होती ते मला सांगत बसली, जसं काही पोरीच्या सासरचं कौतुक.

मग एका फागुणात गारपीट झाली. लिंबाएवढी गार. आमच्या छपराची कवेलू फुटली, मळ्यातलं एकही झाड उभं राहिलं नाही. बियासाठी राखून ठेवलेली वांगी चेंदून गेली. घरात पाणी शिरलं आणि राखेचं मडकं भिजलं. दोन दिवसांनी द्रुपदानं लेप काढला तर आतल्या राखेचा चिखल, आणि त्या चिखलात बियाला पांढरे कोंब आलेले, सडायला लागलेले. तिनं मडकं उचलून बाहेर नेलं. मला वाटलं आता ही बसून रडेल. ती पायात चप्पल घालून उभी राहिली.

"चला. दादाजींची ट्रंक उघडू."

दादानं करदोड्याची किल्ली काढली, कुलूप काढलं. ट्रंक बाहेरून कोरडी ठक्क. बियाची पुडी उघडली तर आत हिरवी बुरशी, दाणे एकमेकांना चिकटून ढेकूळ झालेलं. दादानं बी नीट वाळू दिलं नव्हतं. वाळत घातलं तर चिमण्या नेतील, म्हणून ओलसर असतानाच ट्रंकीत कोंबलं आणि वर बसला. चोर आले नाहीत, चिमण्या आल्या नाहीत, ऊन पण आलं नाही. दादानं ढेकूळ हातात घेतलं, वास घेतला आणि म्हणाला, "पन ट्रंक वाचली." हे त्यानं खरंच म्हटलं. गावात अजून हसतात. काही हरवलं की म्हणतात, ट्रंक वाचली ना, मग झालं.

तिथून ऑफिस. जुन्या साहेबाची बदली झाली होती. नव्या साहेबानं आम्हाला बसवलं, कपाट दाखवलं. कपाट जागेवर होतं, मजबूत होतं. किल्ली जुन्या साहेबासोबत गेली होती. नवा साहेब म्हणाला, पत्र टाकलं आहे. द्रुपदा कपाटाजवळ गेली, त्याच्या दारावर हात ठेवला, जसा गाभण गाईच्या पोटावर ठेवतात तसा. "आतच हाये ना पन?" तिनं विचारलं. "आतच असणार," साहेब म्हणाला. "कोणी उघडलंच नाही तर जाईल कुठं?" ते बी अजून आतच असेल. खूप सुरक्षित असेल.

तिथून एसटी पकडून अनसिंग. सुबीनं पाय धुवायला पाणी दिलं, जेवायला वाढलं. जेवता जेवता द्रुपदानं बियाचं विचारलं. सुबी म्हणाली, "माय, काय सांगू तुले, वांगे असे लागले असे लागले! सासू मने भरीत कर, दीर मने भरले कर. सगळं खाल्लं बाप्पा आमी."

"बियाले एखांदं राखलं नाई?"

"तुह्याजोळ हायेच ना."

येताना वेशीजवळ उतरलो तेव्हा द्रुपदा म्हणाली, "आपल्या मानसाले वाटते, आपल्याजोळ हायेच. म्हनून ते ठेवत नाई." मी म्हटलं, आता काय? ती घराकडे न वळता मळ्याकडे वळली.

मला समजलं. मी म्हटलं, "पाया पडू नोको तिच्या. सांगून ठेवतो. बी गेलं तरी चालन."

"पाया पडाले चालली नाई मी. भांडाले चालली."

पाटाच्या कडेला उभी राहून तिनं आवाज चढवला. कवसाबाईचं छप्पर पण फुटलं होतं, ती वर चढून कवेलू बसवत होती. "कवसे! गारीनं खाल्लं का तुहं वांगं? तुह्याजोळ आता दाना राह्यला नसन! मनलं होतं ना, तुले ठेवता येत नाई!"

कवसाबाई छपरावरून उतरली ती अशी की शिडीची पायरी दिसली नाही. घरात गेली, सुकलेला दुधी भोपळा घेऊन बाहेर आली, बूच काढलं आणि भोपळा हलवून दाखवला. आतून खुळखुळ आवाज आला. "हे काय हाये? तुह्या बापाच्या तेरवीचे हरभरे हायेत काय? तुहं सडलं ना? मालूम होतं मले! घे, भिकारडे!" आणि भरलेली मूठ पाटावरून आमच्यावर फेकली. द्रुपदानं पदर आधीच पसरून धरला होता.

त्या वर्षीची आमची रोपं त्या बियाची.

रस्त्यानं मी म्हटलं, "सरळ मागतलं असतं त तिनं देल्लं नसतं काय? एवढी वाईट नाई ते."

"मागतलं असतं त चिमूटभर देल्लं असतं," द्रुपदा पदर सांभाळत म्हणाली. "भांडली त मूठभर देल्लं." मग थोडं चालून म्हणाली, "सोयरा खाऊन टाकते. साहेबाची बदली होते. दादाजीले कुलपाचा भरोसा. वैरी मातर डोयात तेल घालून जपते. त्याले आपल्यापेक्षा चांगलं काढाचं रायते."

पहिली मूठ रागानं फेकली होती की ठरवून, हे मी तिला पुष्कळदा विचारलं. कधी सांगितलं नाही. दोनदा सांगणारी बाई, पण हे एकदाही नाही.

त्यानंतर मात्र मी पाहिलं, दरवर्षी बी धरायच्या दिवसांत द्रुपदाला काहीतरी कारण काढून पाटावर जायची घाई व्हायची. पाणी नसलं तरी. "तुह्या वांग्याचे काटे कमी झाले वं, कवसे." झालं. भोपळा बाहेर यायचा, बूच निघायचं, खुळखुळ ऐकू यायची. मग ती समाधानानं घरी येऊन भाकर खायची. मला वाटायचं, बायको भांडकुदळ आहे आणि त्याला इलाज नाही.

यंदा ती गेली त्या दिवशी दुपारीच निरोप गेला. सुबी अनसिंगहून आली. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. आमच्यात मयत झालं की घरातली मातीची भांडी बाहेर काढून फोडतात. मी स्मशानात. घरी सुबी, तिची सासू, दादाची बायको. रडत रडत त्यांनी चुलीजवळचं काढलं, गोठ्यातलं काढलं. एकही ठेवलं नाही. आमच्या पोरीनं हे काम नीट केलं, मायसारखं, कोपरान् कोपरा पाहून.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, चुलीकडे पाहिलं. कोपरा सारवलेला. गोठ्यात गेलो. सुबीला विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला समजलं असतं, आणि तिनं आधीच बरंच सोसलं होतं. उकिरड्यापलीकडे खापरं पडली होती. वैशाखातला वारा. राख रात्रीतून उडून गेली होती आणि जे उरलं त्यात कोणाच्या तरी कोंबड्या चोची मारत होत्या. मी त्यांना हाकललं. खाली बसून मातीत बोट फिरवलं. काही नव्हतं. मळ्यातली जुनी झाडं आम्ही पंधरवड्यापूर्वीच उपटून टाकली होती. मृग पुढं दिसत होता आणि घरात दाणा नव्हता.

मी पाटाकडे गेलो.

कवसाबाई पाटाच्या तिच्या कडेला बसलेली होती. काही काम करत नव्हती. मला पाहून उभी राहिली, पदर सारखा केला. आम्ही दोघं आयुष्यात धड बोललो नव्हतो. मी पाट ओलांडला नाही, सुतकात होतो.

"मडके फोडले बायायनं," मी म्हटलं. "दोन्ही."

ती समजली. "दोन्हीत होतं?"

"हाव."

"सुतकात बी हातात देत नसतेत. दिवस होऊ द्या. मंग न्या."

"हाये ना पन?"

"हाये. भोपयात हाये अन् माह्या बहिनीकडं रिसोडले एक पुडी हाये."

"दोन जागी काहून? तिनं सांगतलं होतं काय?"

"तिनं सांगतलं असतं त मी एकाच जागी ठेवलं असतं," कवसाबाई म्हणाली. मग नाक ओढलं. "मले काय समजत नव्हतं, दरसाली कायले येत होती ते? पाटाले थेंब नाई अन् ही पान्यावरून भांडाले उभी. मागल्या साली काय मनली मालूम हाये? मने..." आणि तिनं कमरेवर हात ठेवला, मान एका बाजूला टाकली, डावा पाय पुढं केला. "'कवसे, तुहं वांगं पाहून माह्या म्हशीनं चारा सोडला वं! नजर लागली मने तिले! काय तुहा हात, काय तुहं वावर, अन् काय ते वांगं, मारोतीच्या नाकावानी!'"

शब्द तेच. 'वं' लांबवायची पद्धत तीच. शेवटी श्वास संपून आवाज चिरका व्हायचा, तो पण.

कवसाबाई थांबली. तिच्या लक्षात आलं असावं, समोर कोण उभा आहे ते. "चुकलं माहं," ती म्हणाली. "आता असं बोलाव नाई."

मी पाटाच्या कडेला खाली बसलो.

"पहिलेपासून सांग, कवसाबाई," मी म्हटलं. "शिव्या गाळू नोको."